पहिली बंदूक आणि वारसाहक्काचा प्रश्न

अमेरिकन लोकजीवनात आणि अमेरिकन वाङ्मयात ‘पहिली बंदूक’ हा आठवणींचा एक स्वतंत्र प्रकारच होऊन बसला आहे. त्याचा साचा ठरलेला असतो. नोव्हेंबरची थंडी, पहाटेचा अंधार, रानातला लाकडी तळ, चुलीवर उकळणारी कॉफी आणि दहा-बारा वर्षांच्या पोराच्या हातात बापाने किंवा आजाने दिलेली रायफल. बहुधा ती विंचेस्टरची १८९४ सालच्या बनावटीची असते. जॉन ब्राउनिंगने आराखडा केलेल्या या रायफलीचे आजवर ७० लाखांहून अधिक नग तयार झाले. आजाच्या आणि बापाच्या हातांनी तिचा दस्ता गुळगुळीत झालेला असतो. पोरगा पहिले हरीण मारतो. त्याच्या कपाळाला, गालाला त्या हरणाचे रक्त लावतात. नेम चुकला तर त्याच्या सदऱ्याचे टोक कापून तळावर टांगतात. पेनसिल्व्हेनियासारख्या राज्यात हरणाच्या हंगामाच्या पहिल्या दिवशी गावोगावच्या शाळांना सुट्टी देण्याची प्रथा पडली, यावरून ही परंपरा किती खोल रुजली आहे ते कळावे.

ही केवळ श्रीमंतांची हौस आहे असे समजण्याचे कारण नाही. तेथील कष्टकरी कुटुंबेही शिकार करतात आणि मारलेले हरीण हिवाळाभर खातात. एकोणिसावे शतक संपताना बेसुमार शिकारीमुळे तिकडचे हरीण नाहीसे होण्याच्या बेतात होते. पुढे शिकारीवर निर्बंध आले. १९३७ च्या कायद्याने बंदुका व काडतुसे यांवरील कराचा पैसा वन्य प्राण्यांच्या रक्षणाकडे वळवला गेला. म्हणजे या परंपरेजवळ संयम आहे, शिस्त आहे, रानाविषयीचे प्रेमही आहे. हे सारे मान्य करूनच आपण पुढे गेले पाहिजे. कारण माझा प्रश्न शिकार चांगली की वाईट हा नाही. माझा प्रश्न वाङ्मयीन आहे, आणि म्हणूनच तो सामाजिक आहे. ‘पहिल्या बंदुकीची आठवण’ लिहिण्याचा अधिकार कोणाला मिळतो?

माझ्या मते ही आठवण म्हणजे एक वारसपत्र असते. बंदुकीबरोबर पोराला केवळ लाकूड आणि पोलाद मिळत नाही. त्याला रान मिळते, रानात निर्धास्त फिरण्याची मुभा मिळते, बापाचे नाव मिळते आणि ‘तू आता आमच्यातला झालास’ ही समाजाची मान्यता मिळते. हेमिंग्वेची ‘फादर्स अँड सन्स’ ही १९३३ सालची कथा पाहा. निक ॲडम्सला त्याचा बाप दिवसाला तीनच काडतुसे द्यायचा, म्हणजे पोराने नेम धरायला शिकावे. कथेच्या शेवटी निकचा मुलगा त्याला विचारतो, मला बंदूक केव्हा मिळेल? बाराव्या वर्षी, तू जपून वागलास तर, असे उत्तर येते. तीन पिढ्या, एक बंदूक, आणि मध्ये एकच अट, सावधपणाची. रंगाची अट कोणी उच्चारीत नाही. जी अट सर्वांनी गृहीत धरलेली असते ती उच्चारावी लागत नाही.

या वाङ्मयप्रकाराचा सर्वश्रेष्ठ आविष्कार म्हणून विल्यम फॉकनरच्या ‘गो डाऊन, मोझेस’ (१९४२) या ग्रंथाकडे बोट दाखवले जाते, आणि ते योग्यच आहे. त्यातील ‘द ओल्ड पीपल’, ‘द बेअर’ आणि ‘डेल्टा ऑटम’ या तीन कथांतून आयझॅक मॅकास्लिन या मिसिसिपीतील गोऱ्या जमीनदाराच्या वारसाची जीवनकथा उलगडते. दहाव्या वर्षी तो महारण्यात प्रवेश करतो. बाराव्या वर्षी पहिला नर हरीण मारतो. त्याच्या चेहऱ्याला हरणाचे ऊन रक्त लावतो तो सॅम फादर्स. हा सॅम चिकसॉ जमातीच्या प्रमुखाचा मुलगा. त्याची आई मिश्र रक्ताची गुलाम स्त्री. बापानेच मायलेकरांना आयझॅकच्या आजाला विकलेले. म्हणजे गोऱ्या पोराला रानाची दीक्षा देणारा गुरू हा त्याच्या आजाने विकत घेतलेला माणूस आहे. शिकवणारा गुलाम आणि शिकणारा मालक, असे हे गुरुकुल आहे. सॅमला मूल नाही. त्याचे ज्ञान मालकाच्या घरी जाते.

आमच्याकडे महाविद्यालयांतून ‘द बेअर’ शिकवली जाते तेव्हा तिचा अर्थ ‘मानव आणि निसर्ग’, ‘निरागसतेकडून अनुभवाकडे’ अशा मथळ्यांखाली सांगितला जातो. कथेतला प्रसिद्ध प्रसंग असा: तो प्रचंड अस्वल बंदूकधाऱ्याला दर्शन देत नाही, हे कळल्यावर पोरगा बंदूक तळावर ठेवून निघतो. तरीही अस्वल दिसत नाही. मग तो घड्याळ आणि होकायंत्रही झुडपावर टांगतो, रानात हरवतो, आणि तेव्हा अस्वल त्याला दिसते. शस्त्रत्यागातून साक्षात्कार, असे आमचे समीक्षक मोठ्या भक्तिभावाने सांगतात. काही वर्षांपूर्वी हा प्रसंग मी वर्गात शिकवीत असताना मागच्या बाकावरचा, वसतिगृहात राहणारा एक विद्यार्थी उठून म्हणाला, “सर, खाली ठेवायला आधी हातात पाहिजे ना?” वर्ग हसला. परंतु फॉकनरवरील अनेक जाड ग्रंथांनी जे सांगितले नाही ते या पोराने एका वाक्यात सांगितले. त्यागाचा अधिकार हाही मालकीचाच एक भाग असतो. ज्याला बंदूक मिळाली त्यालाच ती टाकून ऋषी होता येते.

आता त्या बंदुकीकडेच पाहू. आयझॅकला ती नाताळची भेट म्हणून मिळते. वयाने मोठा असलेला, त्याला बापाच्या ठायी असलेला नातलग ती देतो. फॉकनर सांगतो की जवळजवळ ७० वर्षे आयझॅकने ती वापरली. दोनदा नळ्या आणि कळ बदलली, एकदा दस्ता बदलला. अखेरीस मूळ बंदुकीतले उरले काय? चापाभोवतीची चांदीचे काम केलेली कडी, आणि तीवर कोरलेली देणाऱ्याची व घेणाऱ्याची नावे आणि १८७८ हे साल. बंदूक सगळी बदलली तरी ती ‘तीच’ राहिली, कारण नाव आणि साल टिकले. वारसा म्हणजे काय याची याहून नेमकी व्याख्या मला कोठे आढळलेली नाही. वस्तू झिजते, नोंद टिकते.

परंतु याच घराण्यात दुसरीही एक नोंद आहे, आणि फॉकनरचा मोठेपणा हा की त्याने ती लपवली नाही. ‘द बेअर’च्या चौथ्या भागात आयझॅक मळ्याच्या दुकानातील जुन्या खातेवह्या उघडतो. त्यांत गुलामांची खरेदी, जन्म, मृत्यू यांच्या नोंदी आहेत. त्या वाचता वाचता त्याला उमगते की त्याच्या आजाने युनिस नावाच्या गुलाम स्त्रीच्या पोटी मुलगी जन्माला घातली, आणि पुढे त्या स्वतःच्याच मुलीपासून मुलगा. युनिसने १८३२ च्या नाताळात ओढ्यात जीव दिला. त्या मुलाला आजाने मृत्युपत्रात एक हजार डॉलर ठेवले. ‘माझ्या मुला’ अशी हाक मारण्यापेक्षा ते स्वस्त होते, असे नातवाच्या मनात येते. एकाच घरात एका मुलाचे नाव चांदीवर कोरले जाते आणि दुसऱ्याचे नाव खतावणीत, जनावरांच्या शेजारी लिहिले जाते. १८३२ हे साल आणखी एका कारणाने लक्षात ठेवण्यासारखे आहे. याच वर्षीच्या पाँटोटॉक करारान्वये चिकसॉ लोकांची मिसिसिपीतील भूमी त्यांच्या हातून गेली. ज्या रानात पुढे शिकारीची ‘परंपरा’ निर्माण झाली, ते रान असे मोकळे करून घेतलेले होते.

आयझॅक जमीन नाकारतो. हा नकार प्रामाणिक आहे. पण तो पुरेसा आहे काय? ‘डेल्टा ऑटम’मध्ये तो सुमारे ऐंशी वर्षांचा आहे. शिकारीच्या तळावर एक तरुण स्त्री तान्हे मूल घेऊन येते. ती त्याच गुलाम वंशातली आहे आणि मूल त्याच्या गोऱ्या नातलगाचे आहे. म्हणजे पूर्वजाचे पाप पुन्हा घडले आहे. म्हातारा तिला काय देतो? मुलासाठी शिकारीचे जुने शिंग देतो, आणि उत्तरेकडे जा, आपल्याच रंगाच्या माणसाशी लग्न कर, असा उपदेश करतो. शिंग वाजवायला आहे. त्याच्याबरोबर ना जमीन येते, ना नाव. ती स्त्री त्याला विचारते की इतके आयुष्य जगून प्रेमाविषयी तू सारेच विसरलास काय? नकार देणारा माणूसही न्याय देऊ शकत नाही, हे फॉकनरने येथे दाखवले आहे. त्यागाचे गोडवे गाणारे आमचे समीक्षक ‘द बेअर’पाशी थांबतात आणि या स्त्रीपर्यंत येत नाहीत, ही मला खटकणारी गोष्ट आहे.

फॉकनर आणि रिचर्ड राइट हे दोघेही मिसिसिपीचे. पहिला १८९७ चा, दुसरा १९०८ चा. माती एक, पण त्या मातीत काळ्या माणसाच्या बंदुकीचा इतिहास वेगळा आहे. गुलामगिरी संपल्याबरोबर १८६५ च्या नोव्हेंबरात मिसिसिपीच्या विधिमंडळाने कायदा केला की लष्करात नसलेल्या आणि परवाना नसलेल्या मुक्त काळ्या माणसाने कोणतीही बंदूक वा काडतूस बाळगू नये. दक्षिणेतील मळेवाल्यांना काळ्यांच्या शिकारीची भीती वेगळ्या कारणानेही वाटत होती. ज्याला रानातून पोटापुरते मिळते तो पडत्या मजुरीवर कापूस वेचायला येत नाही. म्हणून कुंपणाचे आणि शिकारीचे कायदे आले. उलट, १८९२ साली आयडा बी. वेल्स या पत्रकार स्त्रीने झुंडबळींच्या विरोधात लिहिताना प्रत्येक काळ्या घरात विंचेस्टर रायफलीला मानाची जागा असावी असे बजावले. कंपनी तीच. गोऱ्या पोराच्या आठवणीत ती रायफल हरणासाठी आहे, काळ्या घरात ती दाराबाहेरच्या झुंडीसाठी आहे.

हा इतिहास ध्यानात घेतला की राइटची ‘द मॅन हू वॉज ऑलमोस्ट अ मॅन’ ही कथा नीट कळते. ती प्रथम १९४० मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढे १९६१ च्या ‘एट मेन’ या संग्रहात आली. सतरा वर्षांचा डेव्ह गोऱ्याच्या शेतावर राबतो. मजुरी आईच्या हाती जाते. आपण मर्द आहोत हे जगाने मानावे म्हणून त्याला बंदूक हवी आहे. गोरा दुकानदार त्याला दोन डॉलरला जुने पिस्तूल विकतो. आई पैसे देते ते एका अटीवर: बंदूक बापाची राहील. येथेही बाप, मुलगा आणि बंदूक आहेत, पण उलट्या क्रमाने. बापाजवळ देण्यासारखे काही नाही, म्हणून मुलगा बापाच्या नावाने विकत घेतो. पहिलीच गोळी चुकून मालकाच्या खेचरीला लागते. येथे कपाळाला रक्त लावणारा कोणी सॅम फादर्स नाही. डेव्ह खेचरीच्या जखमेत माती कोंबत राहतो आणि तिचे रक्त थांबत नाही. गाव जमते आणि हसते. मालक पन्नास डॉलर किंमत ठरवतो, महिना दोन डॉलर फेड. म्हणजे पंचवीस महिने. आयझॅकची बंदूक ७० वर्षांची सोबत होते, डेव्हची बंदूक पंचवीस महिन्यांचे कर्ज होते. त्या रात्री डेव्ह पुरलेले पिस्तूल उकरून काढतो, मालकाच्या पांढऱ्या घराकडे पाहतो आणि चालत्या मालगाडीवर चढून निघून जातो. आपल्यातल्या किती पोरांनी गाव असे सोडले आहे!

तिसरे उदाहरण अर्नेस्ट गेन्सच्या ‘अ गॅदरिंग ऑफ ओल्ड मेन’ (१९८३) या कादंबरीचे. गेन्सचा जन्म १९३३ मध्ये लुइझियानातील मळ्यावर, गुलामांच्या जुन्या चाळीत झाला. लहानपणी त्याने शेतात मजुरी केली. त्याच्या कादंबरीत एक गोरा जुलमी माणूस मारला जातो. संशय एका वृद्ध काळ्यावर येणार, हे दिसताच मळ्यावरचे सत्तरी-ऐंशीचे काळे म्हातारे आपापल्या बारा बोअरच्या छऱ्याच्या बंदुका आणि पाच नंबरची झाडलेली, रिकामी काडतुसे घेऊन त्याच्या अंगणात जमतात. प्रत्येक जण म्हणतो, मी मारले. पोलीस अधिकारी पुरावा मागतो, तेव्हा प्रत्येक जण आपल्यावर झालेला अन्याय सांगतो: भावाचा, मुलाचा, बहिणीचा, ट्रॅक्टरखाली जाऊ घातलेल्या पूर्वजांच्या थडग्यांचा. बारीक शिकारीची ही साधी हत्यारे. आयुष्यभर ती माणसे नमून वागली. आज रिकामे काडतूस त्यांच्या बोलण्याला आधार देते. मला ही कादंबरी या विषयावरील सर्वात महत्त्वाची साहित्यकृती वाटते. कारण येथे बंदूक बापाकडून मुलाकडे जात नाही. ती एका माणसाकडून शेजारच्या माणसाकडे, एका साक्षीकडून दुसऱ्या साक्षीकडे जाते. वारसा रक्ताचा न राहता सोसण्याचा होतो, आणि सोसणे बोलू लागते.

या अमेरिकन पुस्तकांशी आपला संबंध काय, असे विचारले जाईल. संबंध आहे. काळ्या पँथरांनी कॅलिफोर्नियात उघड बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवायला सुरुवात केली आणि १९६७ च्या मे महिन्यात ते सॅक्रामेंटोच्या विधिमंडळात बंदुकांसह शिरले. त्याच वर्षी भरलेली बंदूक उघडपणे बाळगण्यास बंदी करणारा कायदा झाला. गोऱ्याच्या हातातली बंदूक परंपरा असते, ती काळ्याच्या हाती गेली की धोका होते. १९७२ मध्ये मुंबईत आपण त्यांचे नाव घेतले, बंदूक घेतली नाही. आपल्या इतिहासात बंदूक आली ती नोकरीत आली. महार शिपायांची भरती इंग्रजांनी बंद केली. ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज केला. महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ मध्ये. शिपाई घरी येतो तेव्हा बंदूक सरकारजमा करून येतो. पेन्शन मिळते, वारसा मिळत नाही.

आणि शिकार? ती आपल्याकडेही होती, पण माणसांच्या जागा ठरलेल्या होत्या. माझे आजोबा तरुणपणी बड्या लोकांच्या शिकारीत हाक्याला जात. डबे बडवायचे, आरोळ्या ठोकायच्या, काटेकुटे तुडवीत सांबर माचाणाकडे हाकायचे. मजुरी अशी नव्हतीच, तो गावकीच्या वेठीचाच भाग. ते म्हणत, “आम्ही जनावराची पाठ बघितली, तोंड बंदूकवाल्यानं बघितलं.” वाड्यातल्या छायाचित्रांत मेलेले जनावर आहे, त्यावर पाय देऊन उभा राहिलेला मालक आहे. हाकेवाला चौकटीबाहेर आहे. मराठीतील शिकारकथाही बहुतांशी माचाणावरूनच लिहिल्या गेल्या. हाक्याच्या रांगेतून लिहिलेली शिकारकथा मी अजून वाचलेली नाही. पारध्यांची स्थिती याहून वाईट. पिढ्यान्‌पिढ्या फासे लावून पोट भरणाऱ्या या समाजाला १८७१ पासूनच्या कायद्यांनी जन्मजात गुन्हेगार ठरवले. तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून अजून नाही. रान एकच, पण मालकाची ती शिकार आणि पारध्याचा तो गुन्हा.

म्हणून परंपरेच्या प्रत्येक रम्य आठवणीला समीक्षकाने काही साधे प्रश्न विचारले पाहिजेत. हाका कोणी घातला? तळावर स्वयंपाक कोणी केला? रान आधी कोणाचे होते? फॉकनरच्या तळावरील ॲश या काळ्या स्वयंपाक्यालाही एकदा शिकारीला जावेसे वाटते. तो प्रसंग विनोदी रंगात लिहिला गेला आहे. दलित वाचक तेथे हसत नाही. ॲशलाही एक आठवण असती, हे त्याला ठाऊक असते. असे प्रश्न विचारल्याने कलाकृती लहान होत नाही. फॉकनर तर या प्रश्नांतून अधिकच मोठा होऊन बाहेर येतो, कारण खातेवही त्याने स्वतःच उघडली आहे. लहान होतात ते त्या वहीची पाने न वाचता अस्वलाचे दर्शन घेणारे समीक्षक.

आपल्या लेखकांनाही एक गोष्ट सांगावीशी वाटते. ‘लेखणी हीच आमची बंदूक’ ही घोषणा आपण फार सहज करतो. ‘बलुतं’ (१९७८), ‘उपरा’ (१९८०), ‘उचल्या’ (१९८७) या आत्मकथनांनी दाखवले की आपल्याकडे बापाकडून मुलाकडे आला तो हक्क नव्हता. कामाचा आणि कलंकाचा बोजा होता. लेखणीही आपल्याला डेव्हच्या पिस्तुलासारखीच उधारीवर मिळाली: आईच्या मजुरीवर, शिष्यवृत्तीच्या उशिरा आलेल्या हप्त्यावर, बाबासाहेबांनी मिळवून दिलेल्या जागेवर. ती फेड अजून चालू आहे. घराण्यातला पहिला पदवीधर म्हणून मला ती रोज जाणवते. बोअर आणि दस्ता यांच्या गोडव्यांना उत्तर म्हणून आपण आपल्या दारिद्र्याची रम्य परंपरा उभी करू नये. घुंगराची काठी, फाटकी घोंगडी, वाड्याबाहेरची पायरी या वस्तू साक्षीला ठेवाव्यात, पूजेला ठेवू नयेत.

गेन्सचे म्हातारे रिकामी काडतुसे घेऊन आले, पण अंगणात एकत्र उभे राहिले, आणि प्रत्येकाने आपली हकीकत आपल्या तोंडाने सांगितली. वारशाची ही रीत मला जवळची वाटते. आपल्या मागून येणाऱ्या पोरांच्या हाती जमीन, ग्रंथ, घर, नाव असे काही खरोखरीचे आले पाहिजे. मग त्यांपैकी काय सांभाळायचे आणि काय खाली ठेवायचे हे ती ठरवतील. आज त्यांच्याकडून त्यागाची अपेक्षा करणाऱ्यांनी आधी त्यांचे हात पाहावेत.